जुनं दगडी स्टेशन हिरवं करायचंय? आधी पन्हळ बघा, सोलर मागाहून

प्रवासी संघटनेची मंडळी माझ्याकडे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन: "आपल्या स्टेशनावर सोलर किती किलोवॅटचं बसेल?" मी उलट विचारतो, "पागोळ्यांचं पाणी कुठं जातं?" मग सगळे एकमेकांकडे बघतात.

सातारा-सांगलीकडचे वाडे, धर्मशाळा, दगडी शाळा दुरुस्त करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. स्टेशनची इमारत त्यांच्याहून फार वेगळी नसते. तोच काळा दगड, तोच चुना, तीच मंगलोरी कौलं. वेगळं एवढंच की दिवसातून अनेकदा बाजूने हजार टनांची गाडी धडधडत जाते, आणि वाड्यात पाहुणा आला तर चप्पल काढतो, इथे तसं कुणी करत नाही. हे लिहितोय ते संघटनेतल्या लोकांसाठी, नगरसेवकांसाठी, आणि असं काम पहिल्यांदाच हातात आलेल्या तरुण इंजिनिअरांसाठी. कामाचा क्रम माझा असा आहे: पाणी, चुना, छप्पर, वारा, वीज. स्टेशनाबाहेर थांबणाऱ्या बसचा विचार मात्र पहिल्या दिवसापासून नकाशावर हवा.

आधी इमारत वाचा

पुणे-मिरज लाईन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सदर्न मराठा रेल्वेने टाकली, तीही मीटरगेज. ब्रॉडगेज आली १९७० च्या सुमारास. त्या बदलात काही ठिकाणी लाईनच सरकली. सातारा रोडचं स्टेशन जुन्या लाईनवर होतं, नवी गाडी माहुलीकडून जाऊ लागली. त्यामुळे तुमच्या स्टेशनात नक्की काय जुनं आणि काय सत्तर सालचं, हे आधी वेगळं करा. दगडी भिंती, कमानीच्या खिडक्या, सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), मीटरगेजचे जुने रूळ उभे करून केलेले खांब हे एका थरातलं. आरसीसीचा सज्जा, मोझॅकची फरशी, सिमेंटच्या जाळ्या हे दुसऱ्या. दुसरा थर पाडायलाच हवा असं नाही. पण कुठला भाग किती मोलाचा ते नकाशावर तीन रंगांत दाखवा: हात लावायचा नाही, दुरुस्त करायचा, बदलला तरी चालेल.

मोल दगडातच असतं असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला तो कुंडल रोड नावाच्या छोट्या स्टेशनाशेजारच्या माळावर; पुढे स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेची पगाराची गाडी लुटली. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या उभ्या राहायच्या. गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून तास-दोन तास ऐकून घ्या. कुठली खिडकी तिकिटाची, कुठला दगड हमालांच्या बसण्याचा, हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसतं. एका जुन्या इमारतीत तिकीट खिडकीच्या लाकडी फळीचा काठ हातांनी घासून एवढा गुळगुळीत झाला होता की कंत्राटदाराच्या मुकादमाला वाटलं, फळी झिजली, बदला. आम्ही ती ठेवली, खाली नुसती पट्टी मारली.

परवानग्यांचं थोडक्यात

जागा रेल्वेची, इमारत रेल्वेची. लोकवर्गणी जमली म्हणून कुणी आत जाऊन दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरू लागलं असं होत नाही. आपली लाईन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते. विभागाच्या इंजिनिअरिंग शाखेशी पहिल्यापासून बोलत राहा. स्टेशनं सुधारण्याच्या रेल्वेच्या अमृत भारत स्टेशन योजनेत आपल्याकडची स्टेशनं आहेतच, लोणंदचं काम तर २०२५ च्या मे महिन्यात लोकार्पण झालेल्या पहिल्या १०३ स्टेशनांत होतं. तुमचं स्टेशन योजनेत असेल तर निविदा निघण्याआधी सूचना द्या. निविदेत "सिमेंट पॉइंटिंग", म्हणजे सिमेंटने दर्जा भरणं, लिहिलं गेलं की मग साइटवर चुन्याबद्दल कितीही भांडा, बिल सिमेंटचंच निघतं. भायखळ्याच्या स्टेशनचं उदाहरण फाइलला जोडा. १८५३ सालचं ते स्टेशन गाड्या चालू असताना, मूळ रूपात दुरुस्त झालं आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. साहेबांना "असं होतं" हे दाखवायला एवढं पुरतं.

पावसात उभे राहा

पाहणी मे महिन्यात करून अहवाल लिहिणारे फार. जुलैत छत्री घेऊन जा. तीन गोष्टी करायच्या.

पहिली, पाण्याचा माग. कौलावरून पाणी पन्हळीत पडतं का, पन्हळीतून पाइपात, पाइपातून गटारात जातं का, गटार पुढे कुठं संपतं? बहुतेक ठिकाणी ते भिंतीच्या पायाशीच संपतं.

दुसरी, तडे. भिंतीत तडा दिसला की लगेच बुजवू नका. बोटभर रुंदीची काचेची पट्टी तड्यावर आडवी ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, त्यावर तारीख लिहा. पाऊस, हिवाळा आणि पुढचा उन्हाळा जाऊ द्या. पट्टी शाबूत असेल तर तडा जुना आणि झोपलेला आहे. फुटली तर पाया हलतोय किंवा गाड्यांचा हादरा भिंतीपर्यंत येतोय. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग गवंडी.

तिसरी, लाकूड. साध्या चाकूचं टोक कैचीच्या टोकात, जिथं ती भिंतीत शिरते तिथं, टोचून बघा. चांगलं सागवान चाकूला दाद देत नाही. टोक सहज अर्धा इंच आत गेलं तर आत वाळवी किंवा कुजका भाग आहे. मधला भाग ठणठणीत असतो, टोकंच कुजतात, कारण तिथंच पाणी येतं. तेवढं टोक कापून नवं सागवान जोडलं की पुरी कैची वाचते.

पहिलं काम: पाण्याचा निचरा

आता खरी मेख. मीटरगेजच्या काळात प्लॅटफॉर्म बुटके होते. ब्रॉडगेजचा उंच प्लॅटफॉर्म रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर असतो. रूळ बदलले, प्लॅटफॉर्म चढले, पण दगडी इमारत होती तिथंच राहिली. परिणामी कित्येक जुन्या इमारतींची जोती प्लॅटफॉर्मच्या खाली गेली. त्यात प्लॅटफॉर्मचा उतार रुळांकडून आतल्या बाजूला असतो, म्हणजे नेमका इमारतीकडे. पावसाचं, धुण्याचं, चहावाल्याच्या बादलीचं सगळं पाणी भिंतीला येऊन टेकतं. मग आतून रंगाचे पोपडे उडतात, पांढरा लोणा (क्षार) फुटतो, आणि दर दोन वर्षांनी डिस्टेंपरचा नवा हात बसतो.

उपाय खर्चिक नाही. इमारतीच्या भिंतीपासून थोडं सुटून, प्लॅटफॉर्मच्या बाजूला, लांबीभर एक अरुंद गटार घ्या. वर जाळी, तळाला नीट उतार, आणि शेवट भिंतीपासून दूर. गटार आणि भिंत यांच्यामधली पट्टी काँक्रीटने बंद करू नका. तिथं खडी भरा, म्हणजे भिंतीच्या पायातली ओल वर श्वास घेऊ शकेल. टाइल्स थेट दगडाला भिडवल्या की ती ओल दुसरीकडून, म्हणजे भिंतीतून, वर चढते.

उंचीतला फरक ओलांडायला पायऱ्यांच्या शेजारी उताराची वाट हवीच. १ ला १२ हा उतार धरा. इमारत ४५ सेंटिमीटर खाली असेल तर ५.४ मीटर लांबीची वाट लागते. ती जुन्या दारासमोर कोंबू नका, बाजूने, व्हरांड्याला समांतर घ्या.

सांगली जिल्ह्यात कृष्णेचा पूर विसरून चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. तुमच्या स्टेशनाच्या परिसरात त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं ते लोक बोटाने दाखवतील. इलेक्ट्रिकचे बोर्ड, इन्व्हर्टर, पंपाचं स्टार्टर त्या खुणेच्या वर.

निचरा झाला की साठवण. हिशेब सोपा आहे: छताचे चौरस मीटर गुणिले पाऊस मीटरमध्ये गुणिले ०.८. सांगलीकडे ६०० मिलिमीटर पाऊस धरला, आणि इमारत, शेड मिळून १,००० चौरस मीटर छप्पर असलं, तर वर्षाला ४ लाख ८० हजार लिटर. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर एप्रिल २०१६ आठवा. दुष्काळात मिरजेहून लातूरला गेलेल्या पहिल्या जलदूत गाडीत ५० हजार लिटरचे १० डबे होते, म्हणजे ५ लाख लिटर. जवळपास तेवढं पाणी दरवर्षी आपल्या छपरावरून गटारात जातं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून टाकीत, टाकी भरली की जुन्या विहिरीत. वाफेच्या इंजिनांच्या काळातली विहीर आवारात असेल तर आधी गाळ काढा. नवी बोअर मारण्याच्या आधी तिला एक संधी द्या. हे पाणी संडास, प्लॅटफॉर्म धुणं आणि झाडांना. पिण्याला नाही.

दुसरं काम: सिमेंट काढा, चुना आणा

ही माझीच चूक सांगतो. धंद्यात नवा होतो, कृष्णाकाठच्या एका वाड्याच्या दगडी भिंतीला मी सिमेंटने दर्जा भरल्या. काम चकाचक दिसत होतं, मालकांनी पेढे दिले. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीत लोणा, आणि बाहेर दगडांच्या कडा सोलायला लागल्या. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडायची. मी ती वाटच बंद केली होती. सिमेंट दगडाशी एकजीव होत नाही, हलत नाही, पाणी सोडत नाही. चुना मऊ असतो, भिंत थोडी हलली तर तो सोसतो, आणि बारीक तडे स्वतःच भरून काढतो.

स्टेशनच्या भिंतींवर बहुधा कधीतरी सिमेंट चढलेलं असतंच. ते काढायला ग्राइंडर लावू देऊ नका, दगडाच्या धारा जातात. छिन्नी-हातोडी, आणि हात हलका असलेला गवंडी. दर्जा जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट खोल मोकळी करायची, ब्रशने धूळ काढायची, पाणी मारायचं, मग भरायचं.

चुन्याचा माल असा: कळीचा चुना पाण्यात विरवून निदान महिनाभर खड्ड्यात मुरू द्या. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी मिळून; सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, तिच्यामुळे माल ओलीतही धरतो. घाण्यात नीट मळायचा. आपल्याकडचे जुने गवंडी हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी घालतात. प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं. म्हणून भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर रुंदीचे चार-पाच नमुने करून, एक महिना थांबून, रंग आणि कडकपणा बघून मगच ठरवा. भरल्यावर आठ-दहा दिवस ओली गोणपाटं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. म्हणून हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात केलेल्या दर्जा बोटाने खरवडल्या तरी पूड पडते.

कंत्राटदार म्हणेल, चुन्याचे गवंडी मिळत नाहीत. मिळतात. वाई-साताऱ्याकडच्या देवळांच्या आणि वाड्यांच्या कामावर चौकशी करा. एक जाणता माणूस आणि त्याच्या हाताखाली चार तरुण, एवढं पुरतं.

आणि कृपा करून दगडावर ऑइल पेंट नको, ग्रॅनाइटचं आवरण नको, दर्शनी भागाला चमकणारे अॅल्युमिनियमचे पत्रे नकोत. "मॉडर्न लुक" ह्या दोन शब्दांनी जेवढ्या जुन्या इमारती मेल्या तेवढ्या पुरानेही मेल्या नसतील.

तिसरं काम: छप्पर

कौलं उतरवताना एकेक हाताने उतरवा आणि बोटाने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला की चांगलं, भद्द आला की तडकलेलं. पाठीवरचा कारखान्याचा ठसा बघून एकाच ठशाची कौलं दर्शनी बाजूला लावा, उरलेली मागे. कमी पडली तर पाडकामातल्या जुन्या कौलांच्या बाजारात जा, नव्या कौलांचं माप जुन्यावर नेमकं बसतंच असं नाही. रिपांच्या (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांच्या) वर पाणी अडवणारा पातळ थर टाकायचा असेल तर वाफ बाहेर सोडणारा घ्या, प्लॅस्टिकचा कागद नको. पन्हळ मात्र जुन्या मापाची ठेवू नका. हल्ली पाऊस एका तासात कोसळतो, एक माप मोठी करा.

वळचणीला पाकोळ्यांची घरटी असतील तर ती पिल्लं उडाल्यावर काढा. यासाठी दोन आठवडे काम थांबलं तर बिघडत नाही, दुसऱ्या बाजूने सुरू करा.

चौथं काम: वारा आणि मग वीज

दीड-दोन फुटांच्या भिंती, उंच छप्पर, छताजवळच्या लहान खिडक्या, समोर व्हरांडा. ही इमारत मे महिन्यातही थंड राहावी म्हणूनच बांधलेली आहे. आपण काय केलं? वरच्या खिडक्या ठोकून बंद केल्या, खाली पीओपीचं खोटं छत घातलं, मग उकडतंय म्हणून एसी लावला. आधी ते खोटं छत काढा. वरच्या खिडक्यांना जाळी लावून दोरीने उघडझाप होईल असं करा. सर्व्हर आणि सिग्नलची यंत्रणा असलेली खोली सोडली तर एसीची गरज फारशी उरत नाही.

मग विजेचा भार. समजा २० जुने पंखे आहेत, प्रत्येकी ७५ वॅटचे, दिवसाला १८ तास चालतात: २७ युनिट. तेच कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे ३० वॅटचे बसवले तर ११ युनिटच्या आत. रोजचे १६ युनिट वाचले, म्हणजे ४ किलोवॅटचं सोलर लावायचं टळलं. दिवे एलईडी, पण पिवळसर उजेडाचे. पांढऱ्या फटक उजेडात काळा दगड शवागारासारखा दिसतो.

आता सोलर. १ किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा आणि दिवसाला ४ युनिट वीज, असा ढोबळ हिशेब. पॅनेल कौलारू छपरावर नको. वजन, भोकं, गळती, आणि एक कौल फुटलं तरी सगळी मांडणी उतरवायची. प्लॅटफॉर्मवरची पत्र्याची नवी शेड, पार्किंगचं छत, मागच्या बाजूची सपाट आरसीसी इमारत ह्या जागा बघा, आणि शेडचे खांब वाऱ्याचा ताण घेतील ना ते आधी तपासून घ्या. लाईन आता विजेची आहे. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिच्यापासून दोन मीटरच्या आत पॉवर ब्लॉक (तारेतली वीज बंद करणं) आणि लेखी परवानगीशिवाय ना माणूस, ना शिडी, ना पाण्याचा फवारा. पॅनेल धुणाऱ्या पोऱ्याला हे कुणी सांगतच नाही, म्हणून धुण्याची जागा आणि नळ तारेच्या विरुद्ध बाजूलाच ठेवा. गुड्स शेड जवळ असेल तर सिमेंटची धूळ पॅनेलवर बसणार, धुण्याचा खर्च हिशेबात धरा.

वायरिंग दगड कोरून आत नेऊ नका. कोपऱ्यातून, लाकडी पट्टीआडून, उघडं पण नीटस न्या. उद्या बदलायचं झालं तर भिंत फोडावी लागणार नाही.

पाचवं, पण नकाशावर पहिलं: बस, वडाप (शेअर जीप), पाय

साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, एसटी स्टँड शहरात, मध्ये काही किलोमीटर. रात्रीच्या गाडीने उतरलेला माणूस बाहेर येतो तेव्हा रिक्षावाला सांगेल तो भाव. स्टेशन कितीही हिरवं केलं आणि प्रत्येक उतारू घरून दुचाकी किंवा कार मागवत असला, तर छपरावरच्या सोलरने वाचवलेलं सगळं आवाराबाहेर धुरात जातं.

आधी मोजा. एक आठवडा, प्रत्येक गाडीला दोन मुलं दारात उभी करा: किती उतरले, त्यातले किती चालत गेले, किती एसटीने, किती वडापने, किती रिक्षाने, किती स्वतःच्या गाडीने. गाडी आल्यावर दहा मिनिटांत लोंढा बाहेर पडतो आणि मग तासभर आवार रिकामं, हे चित्र कागदावर आलं की डेपोतल्या साहेबांशी बोलणं सोपं होतं. "बस द्या" म्हणण्यापेक्षा "कोयना एक्स्प्रेस आल्यावर वीस मिनिटांनी सुटणारी बस द्या, एवढी माणसं आहेत" असं म्हणा. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेससाठी एक तरी फेरी मागा; पहिल्या महिन्यात ती रिकामी धावेल, तेव्हा धीर सोडू नका.

आवाराची मांडणी दारापासूनच्या अंतराने करा. सगळ्यात जवळ बस, मग रिक्षा आणि वडाप, मग सायकली-दुचाकी, शेवटी कार. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट असतं, दाराला लागून साहेबांची गाडी. १२ मीटरची बस एका दमात वळायला साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती नसेल तर आत येणारा आणि बाहेर जाणारा रस्ता वेगळा करून बस नुसती पुढे काढा, मागे घ्यायला लावू नका. आवारात काँक्रीट कमी, पाणी जिरवणारे पेव्हर जास्त. चार्जिंगसाठी केबल टाकायची नळी आत्ताच जमिनीत पुरून ठेवा. ई-बस आणि ई-रिक्षा येतील तेव्हा नवा कोरा रस्ता पुन्हा खोदायला नको.

वडापवाल्यांना हुसकावून काम होत नाही. त्यांना पक्की जागा, शेड आणि गावांच्या नावांच्या पाट्या द्या. रहिमतपूर, कोरेगाव, पलूस, विटा इकडची खेड्यापाड्यातली माणसं शेवटी त्यांच्याच गाडीत बसतात.

दारापासून बसपर्यंत सावली हवी. करंज, कडुनिंब, जागा असेल तर वड. गुलमोहर दिसायला छान, पण फांदी काडीसारखी मोडते, लाईनजवळ नकोच. भिंतीत उगवलेला पिंपळ वरून छाटू नका, छाटला की मुळं अधिक जोमाने दगडात शिरतात. दर्जा उघडून मुळासकट काढा, आणि ती जागा त्याच दिवशी चुन्याने भरा.

कामाचं कॅलेंडर

जुलै-ऑगस्ट: पावसातली पाहणी, काचपट्ट्या, प्रवाशांची मोजणी. सप्टेंबर: आराखडा, चुना विरवायला घ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी: आधी निचऱ्याचं गटार, मग दर्जा आणि गिलावा. मार्च-एप्रिल: छप्पर आणि पन्हळी, कारण कौलं उतरवल्यावर अवकाळी आला तर ताडपत्री हाताशी हवी. मे: वायरिंग, पंखे, दिवे. सोलर आणि बसचं आवार दुसऱ्या वर्षाला. तड्यांचं काम काचपट्ट्यांना वर्ष झाल्यावरच. प्रवासी रोज येणार-जाणारच, म्हणून एका वेळी अर्धीच इमारत हातात घ्या आणि तिकीट खिडकी शेवटी.

काम संपल्यावर स्टेशन मास्तरांच्या कपाटात एक जाड वही ठेवून या. पहिल्या पानावर चुन्याच्या मालाचं प्रमाण, गवंड्याचं नाव, जादा कौलं कुठं रचून ठेवलीत ते, आणि काचपट्ट्यांच्या तारखा. दुसऱ्या पानावर रकाने आखा: पन्हळ साफ केल्याची तारीख, गटाराची जाळी उचलल्याची तारीख, सही. पहिली नोंद मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, वळीव पडायच्या आत.